गिळलं म्हणजे मारलं असं नाही: त्वचेतले परजीवी आणि आपल्या पहिल्या फळीच्या पेशी

वाळूमाशी चावायला येते तेव्हा आवाज होत नाही. डासापेक्षा ती बरीच लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. डास आपली सोंड अलगद रक्तवाहिनीत घालतो, वाळूमाशीला ते जमत नाही. ती त्वचा कातरते, वरच्या थरातल्या बारीक केशवाहिन्या तोडते आणि तिथे साचलेलं रक्त पिते. चावते ती फक्त मादी. तिच्या आतड्यात लीशमॅनिया नावाचा एकपेशीय परजीवी वाढत असेल, तर त्याने तयार केलेल्या चिकट जेलने तिचा अन्नमार्ग तुंबलेला असतो. रक्त ओढताना हा जेल ती ओकून टाकते आणि त्याच्यासोबत परजीवी जखमेत उतरतात, कधी मोजके, कधी हजारोंनी.

लीशमॅनियाच्या वीसहून जास्त जाती माणसाला बाधतात. काही जाती यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचतात, तो काळा आजार. बाकीच्या बऱ्याच जाती त्वचेतच राहतात आणि चाव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तिथे न भरणारा व्रण उमटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्वचेच्या लीशमॅनियाचे दरवर्षी सहा ते दहा लाख नवे रुग्ण होतात. व्रण बहुधा जीव घेत नाही, पण चेहऱ्यावर आयुष्यभराचा वण ठेवून जातो. ज्याच्या चेहऱ्यावर तो आहे, त्याला ही गोष्ट लहान वाटत नाही.

त्वचेतल्या परजीवींबद्दल बोलताना मी मुख्यतः लीशमॅनियाच निवडला आहे, त्याला कारण आहे. आपल्या शरीरात जंतूंना गिळून मारणाऱ्या पेशी आहेत, हे शाळेतच शिकवतात. हा परजीवी नेमका त्याच पेशींच्या पोटात घर करतो. त्यामुळे त्याच्याकडे पाहिलं, की त्या पेशी खरोखर कशा चालतात आणि कुठे फसतात, दोन्ही दिसतं.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे काय, ते थोडक्यात. आपल्या प्रतिकारव्यवस्थेचे ढोबळ दोन भाग आहेत. टी आणि बी पेशींचा भाग प्रत्येक जंतूला वेगळा ओळखायला शिकतो आणि त्याची आठवण ठेवतो, पण पहिल्या गाठीला त्याला तयार व्हायला आठवडा किंवा जास्त वेळ लागतो. उपजत भागाला शिकण्याची गरज नसते. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी, इओसिनोफिल, मास्ट पेशी, नैसर्गिक मारक पेशी या सगळ्या तयारच असतात. समोरचा जंतू नेमका कोण हे त्यांना कळत नाही. जंतूंच्या पृष्ठभागावरची काही ठरावीक रेणूरचना आणि मोडलेल्या पेशींमधून सांडलेले पदार्थ मात्र त्या लगेच ओळखतात. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याच्याभोवती फिरत्या पेशी गोळा होताना पाहिल्या, तिथून या अभ्यासाची सुरुवात झाली. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पहिला अर्धा तास

वाळूमाशीच्या चाव्यावर सर्वांत आधी धावून येतात न्यूट्रोफिल. रक्तात सर्वाधिक संख्येने असणाऱ्या या पांढऱ्या पेशी. आयुष्य थोडं, पण वेग आणि मारकशक्ती जबरदस्त. २००८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जिवंत उंदराच्या कानात हा प्रसंग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. न्यूट्रोफिल एका रंगात चमकत होते, परजीवी दुसऱ्या. चाव्यानंतर तासाभराच्या आतच न्यूट्रोफिलांचा घोळका जखमेभोवती जमला आणि त्यांनी परजीवी गिळायला सुरुवात केली.

इथपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकातल्यासारखं आहे. मग संशोधकांनी काही उंदरांमधले न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले. अपेक्षा अशी, की रक्षक नाहीत म्हटल्यावर संसर्ग फोफावेल. झालं उलटं. न्यूट्रोफिल नसलेल्या उंदरांत परजीवींना बस्तान बसवणं जड गेलं. म्हणजे या परजीवीला न्यूट्रोफिल येऊन हवे होते.

कारण असं, की गिळलेल्या परजीवींपैकी बरेच न्यूट्रोफिलच्या आत जिवंत राहतात. न्यूट्रोफिल लवकरच मरतो, आणि मरणाऱ्या पेशी साफ करणं हे मॅक्रोफेजचं रोजचं काम. हे काम मॅक्रोफेज शांतपणे करतो. मेलेल्या पेशींवर दरवेळी जळजळ उसळली तर शरीर चालणारच नाही, म्हणून या सफाईच्या वेळी धोक्याचे संदेश मुद्दाम दाबले जातात. त्या शांततेतून परजीवी मॅक्रोफेजपर्यंत पोचतो. कधी तो मरत्या न्यूट्रोफिलच्या आतून जातो, कधी त्यातून सुटून शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये शिरतो. त्या गडबडीत त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. परजीवी नसलेली वाळूमाशी चावली तरी न्यूट्रोफिल येतातच. त्यांना बोलावते ती फाटलेली त्वचा आणि माशीची लाळ. जखम झाली की तिथे येणं हा त्यांचा धर्म, आणि तो बरोबरच आहे, कारण उघड्या जखमेत जिवाणू घुसण्याचा धोका खरा असतो. लीशमॅनियाने या बरोबर असलेल्या सवयीवरच आपलं गणित बसवलं आहे.

न्यूट्रोफिलांकडे गिळण्याखेरीज दुसरंही एक हत्यार आहे, जे २००४ साली उजेडात आलं. ते स्वतःचा डीएनए बाहेर फेकतात. त्या लांब धाग्यांना मारक प्रथिनं चिकटलेली असतात आणि या जाळ्यात जंतू अडकतो. लीशमॅनियाच्या काही जाती अशा जाळ्यांत सापडून मरतातही. पण दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळूमाशीच्या लाळेत डीएनए तोडणारं विकर आहे, ते ही जाळी कापून टाकतं. याच युक्तीचा पूर्ण वेगळा नमुना हुकवर्म या जंतामध्ये सापडला आहे. त्याची अळी त्वचा भेदून शिरते तेव्हा तीही डीएनए तोडणारं विकर सोडते. माशी आणि जंत, एकमेकांशी काही नातं नसलेले दोन जीव, पण दोघांनाही आपल्या त्वचेत एकाच अडथळ्याला तोंड द्यावं लागलं आणि दोघेही एकाच उपायावर पोचले. न्यूट्रोफिलांची जाळी निरुपयोगी असती, तर असं दोनदा घडलं नसतं.

मॅक्रोफेज: जिथे निकाल लागतो

मॅक्रोफेज जंतूला गिळतो तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो. ही पिशवी पुढे विकरांनी भरलेल्या लायसोसोम नावाच्या पिशव्यांशी जुळते, आतलं वातावरण आम्लधर्मी होतं, आणि बहुतेक जंतू तिथे विरघळतात. लीशमॅनिया विरघळत नाही. माशीच्या पोटात तो लांबट असतो आणि शेपटीसारख्या कशाभिकेने पोहतो. मॅक्रोफेजच्या आम्लात आला, की तो रूप बदलतो. कशाभिका आखडून घेतो, गोल होतो, आकाराने काही मायक्रोमीटर उरतो आणि त्याच आम्लात वाढू लागतो. जे आम्ल इतरांसाठी मरण, ते याच्यासाठी वाढीचं ठिकाण.

आत शिरण्याची तयारीही तो आधीच करून आलेला असतो. आपल्या रक्तद्रवात पूरक प्रथिनं असतात, ती परजीवीच्या अंगाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. माशीच्या पोटात पूर्ण न वाढलेले परजीवी या प्रथिनांपुढे काही मिनिटांत मरतात. पूर्ण वाढलेल्यांच्या अंगावर साखर-मेदाच्या रेणूंचं जाड आवरण असतं, त्यामुळे भोकं पडत नाहीत. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावरचं एक विकर चिकटलेल्या पूरक प्रथिनाला छाटून अशा रूपात आणतं, की मॅक्रोफेज त्याला विशिष्ट दारातून आत घेतो. त्या दारातून आलेल्या गोष्टीवर मॅक्रोफेज फारसा बिथरत नाही.

मग मॅक्रोफेज त्याला मारतो तरी कसा? मुख्य शस्त्र नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू. तो तयार होतो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून, आणि इथेच सगळा पेच आहे. आर्जिनिन म्हणजे एकाच विहिरीचं पाणी, आणि त्याला दोन पाट. एका पाटावर बसलेलं विकर त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनवतं, ज्याने परजीवी मरतो. दुसऱ्या पाटावर आर्जिनेज हे विकर. ते त्याच आर्जिनिनपासून पुढे जखम भरायला लागणारे पदार्थ बनण्याची वाट मोकळी करतं, आणि त्या वाटेवरचे पॉलिअमाइन परजीवीला स्वतःच्या वाढीसाठी हवे असतात. पाणी कुठल्या पाटाला वळलं, यावर त्या पेशीत परजीवी मरणार की पोसला जाणार हे ठरतं.

वळवणारा हात म्हणजे आजूबाजूच्या पेशींकडून येणारे रासायनिक संदेश. इंटरफेरॉन-गॅमा मिळालं की मॅक्रोफेज मारायला उठतो. इंटरल्यूकिन-४ मिळालं की तो दुरुस्तीला लागतो. उंदरांच्या दोन जातींवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या अभ्यासांनी हे स्पष्ट केलं. तोच परजीवी दिला, तरी एका जातीत इंटरफेरॉन-गॅमाचा जोर असतो आणि व्रण आपोआप भरतो. दुसऱ्या जातीत इंटरल्यूकिन-४ चा जोर असतो आणि आजार पसरत जातो. माणसात चित्र इतकं सरळ दोन भागांत विभागलेलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा समजायला ते अभ्यास आजही उपयोगी आहेत.

त्वचेत कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेजांचा एक गट तर आधीपासूनच दुरुस्तीच्या बाजूचा असतो. उंदरांतल्या अलीकडच्या कामातून दिसलं, की त्वचेतले इओसिनोफिल त्यांना इंटरल्यूकिन-४ पुरवत राहतात आणि भोवती जळजळ चालू असतानाही ते आपला शांत स्वभाव सोडत नाहीत. गंभीर आजार करणारा एक लीशमॅनिया नेमका याच मॅक्रोफेजांमध्ये जास्त संख्येने सापडतो. याला शरीराची चूक म्हणणं मला पटत नाही. त्वचा रोज घासते, कापते, भाजते, खरचटते. तिच्यातल्या प्रत्येक मॅक्रोफेजने प्रत्येक वेळी विषारी वायू सोडला, तर त्वचाच शिल्लक राहणार नाही. शांत मॅक्रोफेज ही त्वचेची गरज आहे, आणि परजीवीने घर करायला तीच जागा निवडली आहे.

रक्तातून नव्याने येणारे मोनोसाइट, ज्यांच्यापासून पुढे मॅक्रोफेज बनू शकतात, थोडे वेगळे वागतात. आल्या आल्या त्यांच्यात ऑक्सिजनपासून बनणाऱ्या तीव्र रसायनांचा झोत निघतो आणि त्यात बरेच परजीवी मरतात. पण संसर्ग रुळल्यावर आलेले मोनोसाइट परजीवींना नवी घरंही पुरवतात. नायट्रिक ऑक्साइडबद्दल एक सुंदर गोष्ट अशी, की वायू असल्यामुळे तो एका पेशीत अडकून राहत नाही, शेजारी पसरतो. त्यामुळे ज्या पेशीला स्वतःला फारसा वायू बनवता येत नाही, तिच्यातला परजीवीही शेजाऱ्यांच्या जोरावर मरू शकतो. म्हणजे एका जागी अशा पेशी पुरेशा संख्येने जमणं हीच इथे खरी ताकद.

इंटरफेरॉन-गॅमा येतं कुठून? सुरुवातीला थोडं नैसर्गिक मारक पेशींकडून. भरपूर आणि टिकाऊ पुरवठा मात्र टी पेशींकडूनच. त्यांना उठवण्याचं काम डेंड्रायटिक पेशी करतात. त्या परजीवीचे तुकडे घेऊन त्वचेतून जवळच्या लसिका ग्रंथीत जातात, टी पेशींना ते दाखवतात, आणि सोबत इंटरल्यूकिन-१२ सोडतात. ते मिळालेली टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा बनवायला लागते आणि त्वचेत परत येऊन मॅक्रोफेजला जागं करते. उपजत पेशींनी सुरुवात केली, शिकणाऱ्या पेशींनी बळ दिलं, आणि शेवटी मारलं ते पुन्हा उपजत पेशीनेच. दोन व्यवस्थांमधली रेघ पुस्तकात जितकी ठळक असते, तितकी त्वचेत नसते. एचआयव्हीमुळे टी पेशी घटलेल्या रुग्णांत लीशमॅनिया इतका उग्र का होतो, याचं उत्तर इथेच आहे.

व्रण कोण करतो

उंदरांच्या कानात माशी सोडते तितकेच थोडे परजीवी टोचून काही आठवडे नजर ठेवली, तर पहिले चार-पाच आठवडे वरून काहीच दिसत नाही. आत परजीवी शांतपणे वाढत असतात, संख्या शिखराला पोचते, आणि त्वचा मात्र नितळ. मग प्रतिकारपेशी लोटतात, परजीवी मरू लागतात, आणि त्याच सुमाराला फोड उठतो. आजार डोळ्यांना दिसतो तो शरीर लढू लागल्यावर.

माणसातही हा धागा दिसतो. लीशमॅनिया ब्राझीलिएन्सिस या जातीच्या खोल व्रणांत परजीवी शोधूनही कमी सापडतात, मात्र पेशी मारणाऱ्या टी पेशी आणि जळजळ वाढवणारं इंटरल्यूकिन-१ यांचा धुमाकूळ असतो. नुकसानीचा मोठा वाटा आपल्याच पेशींचा. याच्या उलट टोकाला आजाराचा एक विखुरलेला प्रकार आहे. त्यात टी पेशी परजीवीविरुद्ध जवळपास उठतच नाहीत. अंगभर गाठी उठतात, त्या सहसा फुटत नाहीत, आणि प्रत्येक गाठीत परजीवींनी खच्चून भरलेले मॅक्रोफेज असतात.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मला इथे पोकळ वाटतो. यातली कुठली शक्ती वाढवायची? न्यूट्रोफिल वाढवले तर परजीवीची सोय होऊ शकते. जळजळ वाढवली तर व्रण खोल जाऊ शकतो. योग्य पेशी, योग्य संदेश मिळालेली, योग्य वेळी असणं आणि काम झाल्यावर तिने थांबणं, हे कुठल्याही गोळी-चूर्णाने वाढवायच्या एका आकड्यात बसत नाही. आठवडे उलटूनही न भरणारा व्रण असेल, तर त्याच्या कडेचा नमुना काढून तपासून घ्यायचा असतो आणि परजीवीची जात व व्रणाची जागा पाहून डॉक्टर उपचार ठरवतात. अँटिमनीची इंजेक्शनं, मिल्टेफोसिन, अँफोटेरिसिन, पॅरोमोमायसिनचं मलम, काही ठिकाणी व्रणाला नियंत्रित उष्णता देणं, असे पर्याय आहेत. काळा आजार करणाऱ्या जातीवरच्या उंदरांतल्या प्रयोगांत टी पेशी नसतील तर अँटिमनीचा गुण येत नाही, असं दिसलं आहे. औषधालाही शेवटी या पेशींची साथ लागते.

जे गिळताच येत नाहीत

हुकवर्मची अळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी लांब असते. न्यूट्रोफिल तिच्यापुढे अगदीच इवलासा. इथे गिळण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी इओसिनोफिल पुढे येतात. ते जंताच्या अंगाला चिकटतात आणि आपल्या कणांमधली विषारी प्रथिनं बाहेर ओततात. मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्याने खाज सुटते, वाहिन्या सैल होतात आणि आणखी पेशी येऊ शकतात. लीशमॅनियात गैरसोयीचं ठरणारं इंटरल्यूकिन-४ जंतांविरुद्धच्या या फळीत उपयोगाचं असतं. एकच संदेश, पण समोर कोण आहे त्यावर त्याचं मोल बदलतं.

खरजेचा किडा त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करतो. साध्या खरजेत अंगावर असे किडे दहा-पंधराच असतात, तरी खाज झोप उडवते, कारण ती मुख्यतः किडा आणि त्याच्या विष्ठेवरची आपली प्रतिक्रिया असते. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, दुसऱ्यांदा काही दिवसांतच सुटते. मधल्या आठवड्यांत काही जाणवत नसलं तरी ती दुसऱ्याला लागू शकते. म्हणून घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करायला सांगतात.

नदीकाठच्या काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या ऑन्कोसर्का या जंताच्या पिल्लांचंही तसंच. जिवंत पिल्लं त्वचेतून फिरतात तेव्हा फारशी खळबळ होत नाही. ती मरतात तेव्हा खाज आणि सूज उसळते. प्रौढ जंताच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, आणि त्या जंताभोवतीच्या गाठीत जमणारे न्यूट्रोफिल जंतापेक्षा बऱ्याच अंशी त्या जिवाणूंकडे ओढले जातात.

लसीच्या वाटेवरचा अडथळा

त्वचेचा लीशमॅनिया बरा झाला तरी थोडे परजीवी त्या जागी वर्षानुवर्षं राहू शकतात. विचित्र वाटेल, पण त्यांच्या असण्याने शरीर सावध राहतं आणि पुढच्या चाव्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. पश्चिम आणि मध्य आशियात पूर्वी मुद्दाम झाकलेल्या अंगावर जिवंत परजीवी टोचून घेत, ते चेहऱ्यावरचा व्रण टाळण्यासाठी. काहींना त्या टोचण्यानेच मोठे, चिवट व्रण झाले, म्हणून ती पद्धत बहुतेक ठिकाणी मागे पडली.

मारलेल्या परजीवींची लस हा साहजिक पुढचा विचार. अशा एका लसीने उंदरांचं सुईने टोचलेल्या परजीवींपासून रक्षण केलं. तीच लस दिलेले उंदीर खऱ्या वाळूमाशीने चावल्यावर मात्र आजारी पडले. फरक न्यूट्रोफिलांचा होता. सुईच्या टोकाएवढ्या जखमेभोवती ते लवकर पांगतात, माशीने कातरलेल्या जागी ते दिवसेंदिवस टिकून राहतात. चाव्यानंतर न्यूट्रोफिल काढून टाकले, तेव्हा ती लस पुन्हा चालली. २००९ सालच्या या निष्कर्षानंतर लशींची परीक्षा सुईवर न थांबता माशीच्या चाव्यावर घेण्याचा आग्रह वाढला. आता एक जनुक काढून दुबळा केलेला जिवंत परजीवी पुढे आला आहे. तो थोडा काळ टिकतो, टी पेशींना शिकवतो, पण आजार करत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने वाळूमाशीच्या चाव्यापुढेही संरक्षण दिलं आहे.